मदत नको म्हणालं कोण?

१

नदीकाठच्या गल्लीत छातीपर्यंत पाणी चढलं होतं आणि ते सगळ्यांना दिसलं होतं. मुख्य कार्यालयाच्या संगणकात मात्र त्या गल्लीपुढे एवढंच लिहिलेलं होतं: ‘फोनवर विचारणा केली. सर्व सुखरूप. मदत नको.’

शेवटच्या दोन शब्दांनी गल्लीचा तातडीचा निधी बंद झाला. पाणी ओसरलं, शेजारच्या गल्ल्यांत सिमेंट आलं, गाद्या आल्या, नवी दारं आली. नदीकाठच्या गल्लीत नुसता चिखल वाळत राहिला. सुताराने वाट पाहून पाहून शेवटी बायको आणि मुलीला घेऊन शहर गाठलं. त्याच्यामागे एकेक करत बाकीच्या घरांनाही कुलपं लागली. आता टोकाच्या घरात एक म्हातारी तेवढी उरली होती. जन्मभर दवाखान्यात नोकरी केलेली, म्हणून सगळे तिला नर्सआजी म्हणत. गल्लीतर्फे कार्यालयात नोंदवलेला फोन तिचाच होता.

आणि ती सांगत होती, “ऑफिसचा फोन मला आलाच नाही. मी कशाला नको म्हणेन? मला काय वेड लागलंय?”

मग तिचा फोन उचलून ‘मदत नको’ म्हणालं कोण?

मुख्य कार्यालयाने पाठवलेली तपासणीबाई खरं तर हे शोधायला आलीच नव्हती. तिचं काम वेगळं होतं. पूर आला, दरड कोसळली, की गावोगावच्या लोकांची गरज समजून घेऊन ती निधीपर्यंत पोचवायला त्या भागात एक प्रादेशिक साहाय्यक असे. ते पद ठेवायचं की काढायचं, हे तिने आठवड्याभरात बघून सांगायचं होतं. या पावसाळ्यात एक प्रयोग चालू होता. साहाय्यकाने दारोदार फिरण्याऐवजी मुख्य कार्यालयातूनच फोन करून विचारायचं.

निघताना संचालक म्हणाले होते, “बाई, फोन स्वस्त पडतो आणि फोनला चिखल लागत नाही. तुम्ही तेवढं कागदावर आणा.”

ती पोचली त्याच दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बदललेला होता.

“ऐका. त्या गल्लीचा फोन त्या दिवशी दुपारी कुणाच्या हातात होता, कळलं का? आपल्या साहाय्यक बाईंच्या. पद जाणार म्हणून खोटं उत्तर देऊन प्रयोग हाणून पाडला त्यांनी. सिद्ध करा, म्हणजे पदही जाईल आणि बाईही.”

२

साहाय्यक बाईंना सगळे मधलीताई म्हणत.

“वरचे म्हणतात ही खालच्यांची, खालचे म्हणतात ही वरच्यांची,” ती खुर्चीवरचे रेनकोट उचलत म्हणाली. “म्हणून मी मधली. बसा. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या.”

तिचं कार्यालय म्हणजे एक खोली. कोपऱ्यात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, खिडकीत वाळत घातलेले मोजे, भिंतीवर नदीचा नकाशा. टेबलावर एकाच माणसापुरता डबा उघडा होता आणि त्यातलं अर्धं तसंच राहिलं होतं.

“तुमच्यावर काय आळ आहे, ठाऊक आहे ना?”

“आळ कसला, आता गावभर झालंय. दूधवाल्याने सकाळी विचारलं, ताई, तुम्ही आवाज बदलून बोललात का? म्हटलं, आवाज बदलता आला असता तर नवऱ्याशी नसते का गोड बोलले!” ती हसली आणि मग हसू तिथेच सोडून दिलं. “तो गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली.”

“त्या दुपारी आजींचा फोन तुमच्या हातात होता.”

“होता की. वीज नव्हती. ठेकेदाराच्या घरी जनरेटर, तिथे सगळ्यांचे फोन चार्जिंगला. मी आजींचा घेतला, नावेतून त्यांच्या माडीवर नेऊन दिला, आणि पुढच्या वस्तीला गेले. वाटेत वाजला नाही. वाजला असता तरी मी उचलला नसता. प्रयोग चालू होता ना? मला ताकीद होती, विचारपूस करायची नाही. कपडे आणि गोळ्या वाटा, प्रश्न विचारू नका.” तिने डब्याला झाकण लावलं. “तरी तेच मनाला खातंय. आजींच्या दारात उभी होते. विचारलं असतं, तर गल्ली रिकामी झाली नसती. तुम्ही लिहायचं ते लिहा. खापर फोडायला डोकं तर लागणारच.”

इतक्या सहज मान पुढे करणारं माणूस तपासणीबाईने आजवर पाहिलं नव्हतं. आणि म्हणूनच तिचा संशय गेला नाही, उलट थोडा वाढला.

३

ठेकेदाराची बायको व्हरांड्यात लोखंडी सळ्या मोजून घेत होती. तिने नमस्कार केला नाही, पण चहा सांगितला.

“तुमचे यजमान नदीकाठची जमीन घेतायत असं ऐकलं.”

“घेतायत ना! लोक सोडून गेले तर घेऊ नये?”

“आणि लोक सोडून जावेत म्हणून कुणी फोनवर मदत नाकारली तर?”

बाईने सळी खाली टाकली. खणखणाट झाला.

“अहो बाई, हिशेब येतो का तुम्हाला? निधी आला असता, तर गल्लीच्या भिंती बांधायचं काम कुणाला मिळालं असतं? इथे दुसरा ठेकेदार आहे का? ती जमीन म्हणजे चिखल. घेऊन काय करू, बदकं पाळू? काम बुडालं म्हणून हे जमीन घेतायत, जमिनीसाठी काम बुडवलेलं नाही. माझ्याच पोटावर मी पाय देईन होय?”

“फोन इथे असताना कुणी उचलला?”

“टेबलावर ढीग होता, सारखे वाजायचे. मी सक्त सांगितलं होतं, दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. आणि नर्सआजींचा तर मधलीताईने जेवणाआधीच नेला.”

मुख्य कार्यालयाने फोन केला होता तो जेवणं उरकल्यावर. म्हणजे तेव्हा फोन इथे नव्हता. एक तर तो नावेत मधलीताईकडे होता, नाही तर माडीवर आजींकडे. आणि आजी तर म्हणत होत्या, आलाच नाही.

दोनातलं एक माणूस खोटं बोलत होतं, आणि दोन्ही माणसं खोटं बोलणारी वाटत नव्हती.

४

त्या दिवसाचा फोन ज्याने केला होता, त्याला तिने दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. मुख्य कार्यालयातून बसने आला. तरुण, बारीक, कानांवर हेडफोनचा वळ कायमचा उमटलेला. त्याला कार्यालयात फोनवालाच म्हणत. त्याने आपला प्रश्न पाठ म्हणून दाखवला.

“नमस्कार, आपत्ती साहाय्य कक्षातून बोलतोय. आपण सगळे सुखरूप आहात ना? काही मदत हवी आहे का? हे असंच विचारायचं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. रेकॉर्डिंग अजून सुरू झालेलं नव्हतं.”

“आवाज कुणाचा होता?”

“बाईचा. वयस्कर. खोकला होता. लाइन मध्येच तुटत होती.”

“मधलीताईंचा नव्हता?”

तो पहिल्यांदाच हसला. “त्यांचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. रोज शिव्या खातो त्यांच्या.”

“लाइन खराब होती म्हणता. मग खात्री कशी?”

“मधलीताई मला ‘ए फोनवाल्या’ म्हणतात. त्या बाई...” तो हातातल्या तिकिटाची बारीक गुंडाळी करू लागला.

“त्या बाई काय?”

“ते कामाचं नाही, मॅडम. म्हणून लिहिलं नाही.”

“बिनकामाचंच सांगा.”

“त्यांनी विचारलं, जेवलास का बाळा? आवाज किती ओढलाय तुझा, म्हणाल्या.” त्याने मान खाली घातली. “मी तिकडे एकटाच राहतो. या नोकरीत सगळ्यांना मीच विचारतो, मला कोण विचारणार? मी म्हटलं, हो, जेवलो. जेवलो नव्हतो. मग त्या म्हणाल्या, आमचं सगळं छान आहे, काही नको, तू तुझी काळजी घे. मी लिहिलं, सर्व सुखरूप, मदत नको.”

तो गेल्यावर तपासणीबाई बराच वेळ खिडकीत उभी राहिली. दुसऱ्याचा फोन चोरून उचलणारा माणूस दोन शब्द बोलतो आणि ठेवून देतो. पलीकडच्याची भूक विचारत बसत नाही. म्हणजे फोन आजींनीच उचलला होता.

पण मग घरात छातीभर पाणी असलेली बाई ‘सगळं छान आहे’ का म्हणेल? आणि वर ‘फोन आलाच नाही’ असं का सांगेल?

५

अतिथीगृहाच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर तिची बॅग झोपायची, दुसरीवर ती. संध्याकाळ झाली की खोली अंगावर यायची. बॅगेत कपड्यांत गुंडाळून लेकीचा एक पायमोजा चुकून आला होता. तो तिने उशीखाली ठेवला होता. मुलगी नुकतीच भिंत धरून चालायला लागलेली, आणि आईला बाहेरगावी काम.

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

“सगळं ठीक आहे गं. पिल्लू मजेत आहे. आत्ताच झोपलंय. तू कशी आहेस?”

“मी मस्त. खोली छान आहे, जेवणही चांगलं आहे.”

जेवण तसंच ताटात निवत होतं. फोन ठेवून तिने ते झाकलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“ऐक ना, तापाचं औषध कुठल्या कप्प्यात ठेवलंयस? जुनी बाटली संपली.”

“ताप? कुणाला ताप?”

“आई बोलली नाही का तुला?”

“किती आहे? कधीपासून? डॉक्टरकडे नेलं का? वरच्या कप्प्यात बघ, मागच्या बाजूला!”

“नेलं होतं, उतरतोय आता. घाबरू नकोस.” मागून सासूबाई फोन मागत होत्या. त्यांचा आवाज आला, थोडा ओशाळलेला.

“रागावू नकोस हं. अगं, तू एवढ्या लांब. तिथून काय करणार होतीस? उगाच जिवाला घोर लागला असता. समोर असतीस तर लपवलं असतं का?”

ती रागावली. मग रडली. मग रडता रडता एकदम थांबली.

सासूबाई खोटारड्या नव्हत्या. तीही नव्हती, आणि तरी तिने खोलीचं आणि जेवणाचं कौतुक केलं होतं. लांबच्या माणसाला फोनवर सांगायचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्याचा प्रश्नाशी संबंधच नसतो.

तिने तोंड धुतलं, निवलेलं जेवण जेवली आणि सकाळची वाट पाहू लागली.

६

आजींच्या घरात खालच्या खोलीच्या भिंतीला पुराची तपकिरी रेघ होती. त्या रेघेखाली हात लावला की पोपडे हातात येत. आजी माडीच्या जिन्यावर बसूनच सगळं करत. मधलीताई दाराशी टेकून उभी राहिली. आत येऊ की नको, असं तिचं चाललं होतं.

“आजी,” तपासणीबाई शेजारच्या पायरीवर बसली. “परवा मी चुकीचं विचारलं. आता नीट विचारते. पुराच्या त्या आठवड्यात तुमची विचारपूस करायला कुणाकुणाचे फोन आले?”

“लेकाचा एक. भाचीचा.” आजी आठवत राहिल्या. “आणि एक पोरगा होता बघ. नाव नाही कळलं, कुठून तरी लांबून बोलत होता. इतका गोड बोलला! बिचारा उपाशी वाटला मला.”

दाराशी मधलीताईने श्वास घेतला तो ऐकू आला.

तपासणीबाईने बाहेर येऊन संचालकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते लगेच म्हणाले, “ठीक. साहाय्यक बाई सुटल्या. पण गल्लीची गोष्ट संपली. नोंदवलेल्या व्यक्तीनेच नकार दिला, नियम स्पष्ट आहे. प्रकरण पुन्हा उघडता येणार नाही. आणि फोनची पद्धत बरोबर ठरली.”

“साहेब, तो नकार नव्हता. तुम्ही स्वतः आजींना फोन करा. तुमच्याच कागदावरचा प्रश्न विचारा. मी त्यांना आधी सांगून ठेवते.”

“सांगून ठेवता? मग काय उपयोग?”

“बघा तर खरं.”

ती आत आली. आजी मधलीताईला गुडघा दाखवत होत्या. “वाकतच नाही गं. आणि ही भिंत, रात्री ढेकळं पडतात त्याचा आवाज येतो. समोर सुताराचं घर होतं तेव्हा त्याची पोरगी रडायची, तेवढीच सोबत. आता कुत्रंसुद्धा येत नाही गल्लीत. खोकून खोकून जीव जातो, पण ऐकायला कोण आहे?”

“आजी, आता एका साहेबांचा फोन येईल. मोठे साहेब आहेत. जे खरं आहे ते सांगा त्यांना. एवढंच.”

“हो हो. खरंच सांगणार.”

फोन वाजला. तपासणीबाईने स्पीकर लावला.

“नमस्कार, आपत्ती साहाय्य कक्षातून बोलतोय. आपण सुखरूप आहात ना? काही मदत हवी आहे का?”

आजींनी पदर सारखा केला, पाठ सरळ केली. चेहरा उजळला.

“सगळं छान आहे हो इथे! काही नको. देवाच्या दयेने उत्तम चाललंय. तुम्ही कुठून बोलताय? दमलेले वाटता. जेवण झालं का?”

“आजी,” तपासणीबाई हळूच म्हणाली, “आत्ता मधलीताईला काय सांगत होतात?”

“ती तर इथे आहे ना गं. दारात आलीय. दारात आलेल्यापासून काय लपवायचं? ते किती लांबून बोलतायत. त्यांच्या जिवाला कशाला...” आजी बोलता बोलता थांबल्या. फोनकडे पाहिलं. मग भिंतीच्या रेघेकडे. मग समोरच्या कुलपाकडे. “तो पोरगा,” त्या म्हणाल्या. “तो ऑफिसचा होता?”

तपासणीबाईने होकारार्थी मान हलवली.

“म्हणजे मीच नको म्हणाले. माझ्यामुळे सुतार गेला. माझ्यामुळे सगळे गेले.”

तपासणीबाईच्या ओठांवर ‘नाही हो आजी, तसं काही नाही’ आलं होतं. तेच बोलायची सवय तिलाही होती. पण ती बोलली नाही.

“तुमचं उत्तर तुमच्या सवयीप्रमाणे होतं,” ती म्हणाली. “ते उत्तर खरं धरून आम्ही कागद बंद केला. तुमच्या घरी न येता. चूक त्या न येण्यात आहे, आजी. मी तसंच लिहिणार आहे, आणि साहेब आत्ता ऐकतायत.”

स्पीकरमधून खाकरल्याचा आवाज आला.

“मधलीताई तिथे आहेत?”

“इथेच आहे, साहेब.”

“आजच्या आज गल्लीची पाहणी करा. घरात जाऊन. अशा उत्तराला नकार म्हणता येणार नाही. तुमच्या पाहणीवर प्रकरण पुन्हा उघडतो.”

“मी करू? मला तर विचारपूस करायला बंदी आहे.”

“होती,” संचालक म्हणाले. मग जड जिभेने, “पद राहतंय, बाई. फोन करत राहू, पण ‘नको’ असं उत्तर आलं की तुम्ही जाऊन बघून आल्याशिवाय कागद बंद होणार नाही. आणि आजी...”

“काय हो?”

“जेवण झालेलं नाही माझं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मधलीताईने चपला दारातच सोडल्या आणि आत आली. भिंतीला हात लावला. काही न बोलता खिडक्या उघडू लागली. तिचे डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून ती प्रत्येक खिडकीशी जरा जास्तच वेळ उभी राहत होती.

आजी जिन्यावर तशाच बसल्या होत्या. त्यांनी तपासणीबाईपुढे फोन धरला.

“सुताराचा नंबर लावून दे मला. डोळ्यांना दिसत नाही.”

तिने लावून दिला. पलीकडे गाड्यांचा गोंगाट होता.

“कोण, नर्सआजी? बऱ्या आहात ना? आमचं इथे एकदम मजेत चाललंय हं, काही काळजी करू नका! खोली मोठी आहे, काम भरपूर आहे...”

“मेल्या, खोटं बोलू नकोस,” आजी म्हणाल्या. “मी आधी सांगते, मग तू सांग. माझं काहीच छान नाही. गुडघा गेलाय. भिंत ढासळतेय. तू गेलास तो माझ्यामुळे गेलास, आणि आता भिंतीचे पैसे येणार आहेत. रात्री मला भीती वाटते रे. आता तू बोल.”

गाड्यांचा आवाज चालूच होता. मध्येच कुणीतरी भोंगा वाजवला.

“पोरगी बोलत नाही आजी,” सुतार म्हणाला. “इथे आल्यापासून कुणाशीच बोलत नाही.”

आजी एका बाजूला सरकल्या, पायरीवर जागा केली, जणू तो तिथे येऊन बसणार होता.

“सांग,” त्या म्हणाल्या. “मी ऐकतेय.”